दुकान टाकण्याआधी गावातली वयं मोजा



सांगलीच्या गेल्या बॅचमध्ये तिघांनी एकच धंदा निवडला होता: प्ले स्कूल. एकाचं गाव तासगावकडं, एकाचं कडेगावकडं, तिसऱ्या ताई वाईजवळच्या. तिघांचाही हिशेब कागदावर नीट होता. जागेचं भाडं, रंगकाम, घसरगुंडी, टीचरचा पगार, सगळं लिहिलेलं. एकच रकाना रिकामा होता. तीन-चार वर्षांची मुलं किती आहेत? मी विचारलं तर उत्तर आलं, "सर, मुलं काय, असतातच की."

पूर्वी असायची. आता ती मोजावी लागतात. व्हिडिओत हे दहा मिनिटांत सांगून टाकलं होतं, पण आकडे आणि हिशेब लिहून द्या असं बऱ्याच जणांनी सांगितलं, म्हणून हा लेख.

आधी राज्याचं चित्र बघू. एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतात, या आकड्याला प्रजनन दर म्हणतात. लोकसंख्या आहे तेवढी टिकायची तर तो साधारण २.१ लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, म्हणजे १९९२-९३ मध्ये, महाराष्ट्राचा दर सुमारे २.९ होता. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत तो १.७ वर आला. देशाचा त्या वेळी २.० होता. म्हणजे आपण देशाच्या पुढं आहोत, आणि हे काल-परवा घडलेलं नाही. तीस वर्षं हळूहळू चाललंय, म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नाही.

सातारा या बाबतीत जुना खेळाडू आहे. २००७ साली सातारा जिल्हा परिषदेनं नवविवाहितांसाठी एक योजना काढली होती. लग्नानंतर दोन वर्षं मूल लांबवलं तर ५,००० रुपये, तीन वर्षं लांबवलं तर ७,५०० रुपये. लोक तिला 'सेकंड हनिमून पॅकेज' म्हणायचे, परदेशातल्या वर्तमानपत्रांनीसुद्धा तिची बातमी केली होती. तेव्हाची काळजी होती की माणसं फार होतायत. आज त्याच जिल्ह्यात गुरुजी पटसंख्येसाठी दारोदार फिरताना दिसतात. २०२३ मध्ये राज्य सरकारनं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार मांडला, तेव्हा राज्यभरात अशा १४ हजारांहून जास्त शाळा निघाल्या. त्यात डोंगरी वाड्या-वस्त्या आहेत, इंग्लिश मीडियमकडं गेलेली मुलंही आहेत, हे मान्य. पण मुळात मुलंच कमी, हे कारण त्याच्या तळाशी आहेच.

आता आपले दोन जिल्हे. २०११ च्या जनगणनेत साताऱ्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ होती, सांगलीची २८,२२,१४३. मागच्या दहा वर्षांत सातारा वाढला ६.९३ टक्के आणि सांगली ९.२४ टक्के. त्याच काळात राज्य वाढलं १५.९९ टक्के. एवढी तफावत एकट्या कमी जन्मांमुळं होत नाही. जावळी-पाटणची पोरं मुंबईला माथाडीत, पोलिसात, बेस्टमध्ये गेली, आता पुण्यात कंपन्यांत जातात. खानापूर-आटपाडीची गलाईवाली मंडळी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात तामिळनाडू-केरळापासून थेट उत्तरेपर्यंत पसरलीत. जाणारा विशीत जातो आणि त्याची पोरं तिकडंच जन्मतात. गावात राहतात आई-वडील. म्हणून राज्यात साठीपुढची माणसं २०११ ला जेमतेम १० टक्के होती, पण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत त्याहून जास्त. देशाचा सरकारी अंदाज २०२१ साठी १०.१ टक्के आणि २०३१ साठी १३.१ टक्के आहे. तुमच्या गावातल्या ज्या आळीत निम्म्या घरांना कुलूप आहे, तिथं हा आकडा केवढा असेल ते तुम्हीच बघा.

जनगणनेची वाट बघू नका

२०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची २०२७ ची. तिचे गाववार आकडे हातात यायला आणखी वेळ जाणार. तोपर्यंत तुमचं कर्ज मंजूर होऊन हप्ते सुरू झालेले असतील. मग मोजायचं कसं?

लहान मुलांसाठी बहुतेक जण ग्रामपंचायतीत जाऊन जन्मनोंदी मागतात. तिथं फसाल. जन्माची नोंद मूल जिथं जन्मतं तिथं होते, राहतं तिथं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, तेही तालुक्याच्या किंवा मिरज-कराडच्या दवाखान्यात, म्हणजे नोंद भलतीकडंच. ग्रामपंचायतीच्या वहीत वर्षाला चार नोंदी दिसतात आणि गावात पोरं वीस असतात. उलट एखाद्या शहराच्या वहीत हजारो नोंदी दिसतात, ती पोरं कधी तुमच्या दुकानात यायची नाहीत. त्यापेक्षा अंगणवाडी सेविका ताईंना भेटा. त्यांच्याकडं शून्य ते सहा वर्षांच्या पोरांची संख्या असते. नावं मागू नका, ती तुमच्या कामाचीही नाहीत आणि मागणं बरंही नाही. फक्त आकडा. मग जिल्हा परिषद शाळेत जाऊन पहिलीचा पट आणि सातवीचा पट शेजारी शेजारी लिहा. या दोन आकड्यांतला फरक कुठल्याही प्रोजेक्ट रिपोर्टपेक्षा जास्त सांगतो.

मोठ्यांसाठी मतदार यादी वापरा. ती सार्वजनिक असते, निवडणूक आयोगाच्या साइटवर यादी भागानुसार मिळते आणि प्रत्येक नावापुढं वय छापलेलं असतं. एका बूथच्या यादीत साधारण हजार-बाराशे नावं. वही घ्या, साठ ते सत्तर, सत्तर ते ऐंशी, ऐंशीच्या वर अशा तीन रेघा मारा आणि ठिपके देत चला. एका बूथला एक दुपार लागते. यादीत वारलेल्यांची नावं राहिलेली असतात, मुंबईला गेलेल्यांचीही असतात. म्हणून नंतर गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाबरोबर बसून खोडाखोड करा. ही खोडाखोड झाल्यावर बहुतेक गावांत तरुणांचा आकडा म्हाताऱ्यांपेक्षा जास्त खाली येतो, कारण गेलेले तेच असतात.

आता प्ले स्कूलचा हिशेब. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही टाका. समजा परिसराची वस्ती दहा हजार, सगळ्या अंगणवाड्या मिळून शून्य ते सहाची पोरं ९००. म्हणजे एका वयाची १५०. प्ले स्कूलचं वय अडीच ते पाच धरलं तर ३७५ पोरं. यातली दोनतृतीयांश अंगणवाडीतच राहतील, तिथं खाऊ आहे, फी नाही. उरली १२५. परिसरात आधीच चार नर्सऱ्या आहेत, तुमची पाचवी. समान वाटणी झाली तर २५ पोरं. महिना १,००० रुपये फी म्हणजे २५,००० जमा. खर्च? भाडं ८,०००, टीचर ९,०००, मावशी ५,०००, लाइट-खडू-फिनेल-किरकोळ ३,०००. झाले २५,०००. तुमच्या हातात शून्य, आणि बँकेचा हप्ता अजून दिलाच नाही. वर मे महिन्यात फी कोण देतं?

कर्ज पाच वर्षांचं घेतलंत तर चौथ्या-पाचव्या वर्षी तुमच्याकडं येणारी पोरं आज जन्मलेलीही नाहीत किंवा पाळण्यात आहेत. पाळण्यातली तरी मोजता येतात. शेवटच्या तीन वर्षांचे अंगणवाडीचे आकडे मागा, उतार असेल तर लगेच दिसेल. त्या तिघांपैकी वाईजवळच्या ताईंनी हे केलं आणि त्यांचा आकडा चांगला निघाला. शेजारी एमआयडीसीतले भाडेकरू होते, तरुण जोडपी. त्या प्ले स्कूल टाकतायत आणि मी त्यांना टाकाच म्हटलंय. म्हणजे लहान मुलांचे सगळे धंदे बुडणार असं मी म्हणत नाही. उलट एकाच मुलावर आई-बाप, दोन्हीकडचे आजी-आजोबा मिळून खर्च करतात, तिथं महागडी वस्तूही खपते. पण संख्येवर चालणारा धंदा आणि दर्जावर चालणारा धंदा यांचा हिशेब वेगळा असतो.

म्हाताऱ्या ग्राहकाचं गणित

जपानचं उदाहरण सगळेच देतात, मीही एक देतो. ओजी नावाच्या मोठ्या कागद कंपनीनं मार्च २०२४ मध्ये जाहीर केलं की जपानात बाळांचे डायपर बनवणं त्या वर्षी बंद करून मोठ्यांच्या डायपरवर लक्ष देणार. २००१ मध्ये त्यांचं बाळांच्या डायपरचं उत्पादन वर्षाला सुमारे ७० कोटी नग होतं, ते ४० कोटींवर आलं होतं. हे ऐकून लगेच "चला, आपण म्हाताऱ्यांचा धंदा करू" असं उठू नका. जपानात २००० सालापासून वृद्धांच्या देखभालीचा सक्तीचा विमा आहे. तिथं बिलाचा मोठा भाग विमा भरतो. आपल्याकडं कोण भरतं? ज्याला काहीच नाही अशा पासष्टीपुढच्या गरीब माणसाला श्रावणबाळ योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यातून औषध आणायचं की तुमची सेवा घ्यायची?

म्हणून मतदार यादीतून काढलेला साठीपुढचा आकडा म्हणजे तुमचे ग्राहक नव्हेत. त्यातून पैसे देऊ शकणारे वेगळे काढा. आपल्याकडं तीन गट दिसतात. एक, पेन्शनवाले: निवृत्त शिक्षक, जिल्हा परिषद, पोलीस, आणि माजी सैनिक. साताऱ्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, जिथं घराघरांत फौजेची पेन्शन येते. दुसरा, ऊस-द्राक्षवाले बागायतदार. पैसा आहे, पण तो कारखान्याचं बिल निघालं की येतो, दर महिन्याला नाही. त्यांच्याकडून महिन्याची फी मागितलीत तर तुमचीच उधारी वाढेल. तिसरा गट सगळ्यात मोठा होत चाललाय, तो म्हणजे पोरं बाहेरगावी आणि आई-वडील इथं.

या तिसऱ्या गटात तुम्हाला एक नाही, दोन ग्राहक असतात. पैसे देणारा हिंजवडीत, वापरणारी आई कोरेगावात. मुलगा फोनवर म्हणतो, "आई, डबा लावतो तुला." आई म्हणते, "मला काय धाड भरलीय? दोन भाकरी थापायला काय लागतंय? नको घालवू पैसं." तुम्ही मुलाला पटवलंत आणि आईला नाही, तर आठव्या दिवशी डबा बंद. आईला पटवलंत आणि मुलाला रोज काय चाललंय ते कळलं नाही, तर पैसे बंद. माझा सल्ला असा की पहिली भेट कायम आई-वडिलांकडं. चहा घ्या, बसा, विकू नका. आणि मुलाला आठवड्यातून एकदा व्हॉट्सॲपवर साधा मेसेज: डबा सगळा खाल्ला का, बीपीची गोळी संपत आलीय का, आवाज बरा होता का. हा मेसेजच तुमचं खरं प्रॉडक्ट आहे. डबा काय, खानावळवालाही देतो.

माझं स्वतःचं दुकान चपला-बुटांचं आहे. तिथं मला हे रोज दिसतं. "म्हाताऱ्यांची चप्पल दाखवा" असं आजवर एकही माणूस म्हणालेला नाही. म्हणतात, "मऊ दाखवा, न घसरणारी, बोटाला न लागणारी." शुगर असलेल्यांसाठी एमसीआरची चप्पल असते, ती मागायलाही लोक लाजतात, डॉक्टरांची चिठ्ठी हळूच पुढं करतात. म्हणून बोर्डवर 'वृद्धांसाठी', 'सीनियर स्पेशल' लिहू नका. 'वाकायला न लागणारी, वेलक्रोची' असं लिहा. सत्तरीतला माणूसही स्वतःला म्हातारा समजत नाही, त्याच्या लेखी म्हातारा तो शेजारचा.

जे आधीच दुकानात बसलेत त्यांना तर कर्जही लागत नाही. २०२२ च्या ऑगस्टपासून एसटीत पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे, पासष्ट ते पंचाहत्तरला अर्धं तिकीट. बाजारच्या दिवशी तालुक्याच्या स्टँडवर उतरणारी माणसं बघा. ती माणसं दुकानात आली तर टेकायला खुर्ची आहे का? पायरी किती उंच आहे? बिलावरचा आकडा वाचता येतो का? आमच्याकडं दोन खुर्च्या आणि पाण्याचा जग ठेवलाय, चपलेचं माप उभं राहून नाही तर बसवून घेतो आणि मग उभं करून परत बघतो, कारण संध्याकाळी पाय सुजलेले असतात. पोरं मोबाइलवर चप्पल मागवतात. आजी मागवत नाहीत, त्यांना हात लावून बघायचं असतं. छोट्या दुकानदाराकडं राहिलेला हा एक मोठा ग्राहक आहे.

नव्यानं काही करायचं तर मला सगळ्यात जास्त वाव घर-दुरुस्तीत दिसतो, आणि गंमत म्हणजे यावर कुणी कोर्स विचारत नाही. आपली जुनी घरं बघा. उंच उंबरा, सोप्यातून खाली दोन पायऱ्या, संडास परसात, न्हाणीची फरशी गुळगुळीत. म्हातारपणी पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं म्हणजे पुढचे कित्येक महिने अंथरूण. भिंतीला पकडायला स्टीलचा दांडा, खरबरीत फरशी, कमोड, रात्री आपोआप लागणारा दिवा, पायरीला उतार. एखादा फॅब्रिकेटर आणि एक प्लंबर यांनी मिळून दोन दिवसांत करायचं काम. मुलगा दिवाळीला गावी येतो तेव्हा हे काम विकलं जातं, कारण तो स्वतः अंधारात त्या पायरीवर ठेचकाळलेला असतो. गणपती आणि दिवाळी हेच तुमचे सीझन.

साहित्य भाड्यानं देणं हाही चांगला धंदा: दवाखान्यातला पलंग, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची. मिरजेसारख्या ठिकाणी, जिथं कर्नाटकातूनही पेशंट येतात, तिथं आधीच बरेच जण आहेत. पण जत, आटपाडी, माण, खटावकडं आपल्या दुकानापर्यंत कोण येईल याचा विचार करा. समजा पलंग १८,००० ला घेतला आणि महिना १,२०० भाडं ठेवलं. बारा महिने सलग बाहेर राहिला तर १४,४००. पण तो सलग राहत नाही. वर्षात सात महिने धरा, ८,४००. म्हणजे पैसे सुटायला दोन वर्षांहून जास्त, त्यात टेम्पोचं भाडं, धुणं आणि जंतुनाशक धरलेलं नाही. हे सगळं लिहून काढल्याशिवाय दहा पलंग उचलू नका. सरकारची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे, त्यात पासष्टीपुढच्या पात्र लोकांना चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कंबरपट्टा अशा साहित्यासाठी एकरकमी ३,००० रुपये मिळतात. त्या किमतीतलं सामान दुकानात असावं, पण धंदा योजनेवर उभा करू नका.

मावशी कुठून आणणार?

केअरटेकर ब्युरो काढायचा म्हणणारे खूप भेटतात. इथं मला थोडं कडक बोलायचंय.

आजवर म्हाताऱ्यांची सेवा कुणी केली? सुनांनी आणि मुलींनी, फुकट. त्याच मुलींचं आपण काय केलं तेही जनगणनेत लिहिलंय. २०११ ला शून्य ते सहा वयात दर हजार मुलांमागं मुली साताऱ्यात ८९५ आणि सांगलीत ८६७. राज्याचा आकडा ८९४. २०१७ मध्ये म्हैसाळला काय उघडकीला आलं ते सांगलीकरांना सांगायला नको. २०११ ला सहा वर्षांच्या असलेल्या त्या मुली आज विशीत आल्यात. एकुलत्या एक मुलांना लग्नाला मुलगी मिळत नाही, आणि त्यांच्या आई-वडिलांना बघायला सून नाही. घरात जे हात नाहीत ते आता पगार देऊन बाहेरून आणायचे आहेत, आणि बाहेरही ते भरपूर नाहीत.

त्यामुळं "गावाकडं मावशी स्वस्तात मिळतात" या भरवशावर ब्युरो काढत असाल तर थांबा. आजारी माणसाला उचलणं, कुस बदलणं, कपडे बदलणं हे अंगमेहनतीचं आणि मनाला थकवणारं काम आहे. बारा तासांची ड्युटी, आठवड्याची सुट्टी, पगाराची तारीख, हे कागदावर नसेल तर चांगली बाई दोन महिन्यांत निघून जाते आणि तुमचं नाव घेऊन जाते. ग्राहकाला जो दर सांगाल त्यात तिचा पगार आधी बसवा, मग तुमचं कमिशन. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या. इंजेक्शन, सलाइन, नळी हे काम प्रशिक्षित नर्सशिवाय कुणीही करणार नाही हे करारातच लिहा. आणि एक नियम कधीही मोडू नका: तुमच्या माणसानं आजी-आजोबांचं एटीएम कार्ड, पिन, पासबुक हातात घ्यायचं नाही, त्यांनी स्वतः दिलं तरी नाही. पेन्शन काढायला बँकेत सोबत जा, खुर्चीवर बसवा, पण सही-अंगठा आणि पैसे मोजणं त्यांचं त्यांनीच. असा एक प्रकार घडला की तालुकाभर धंदा बंद पडतो, मग तुम्ही कितीही सरळ असा.

भांडवलाचं थोडक्यात. सेवा उद्योगाला पीएमईजीपीत २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिलांसह विशेष गटांना ३५ टक्के अनुदान आहे, अर्जासाठी जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. पण ते अनुदान तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहतं, लगेच हातात येत नाही. म्हणजे तीन वर्षं धंदा स्वतःच्या पायावर चालायला हवा. उद्यम नोंदणी फुकट आहे, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

ज्यांनी आधीच लहान मुलांच्या कपड्यांचं, खेळण्यांचं दुकान टाकलंय त्यांनी घाबरून माल फुंकून टाकू नये. ग्राहक एका वर्षात नाहीसा होत नाही, पाच-सात वर्षांत थोडा थोडा कमी होतो. तेवढ्या वेळात दुकानाची एक भिंत बदलता येते. तुमच्याकडं नातवाला घेऊन येणारी आजी आहेच. तिच्यासाठी दुकानात आज काय आहे?

या आठवड्याचं काम: तुमच्या गावची एक अंगणवाडी, एक शाळा आणि एका बूथची मतदार यादी. तीन आकडे एका पानावर लिहा आणि पुढच्या बॅचला येताना ते पान सोबत आणा. ज्यांचं पान नसेल त्यांच्या प्रोजेक्ट रिपोर्टवर मी त्या दिवशी बोलणार नाही.